सरकार किती असावे?



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी चिटणीसांना म्हणालो, पत्ता चुकलेला दिसतो. या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, संपादक बोलतात. मी नववीत शाळा सोडलेला मनुष्य. अकोल्याच्या एका जिनात गासड्या बांधल्या, पुढे हमालांच्या आणि जिन-कामगारांच्या युनियनचे काम अंगावर पडले, आणि जे काही थोडेफार वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, तेही उन्हाळ्यात. कारण हंगामात मान वर करायला उसंत नसे. चिटणीस म्हणाले, "आम्हाला तसलाच मनुष्य पाहिजे." तेव्हा आजच्या भाषणात काही कमीजास्त झाले तर दोष निम्मा त्यांचा.

सरकार किती असावे, या विषयावर आपल्याकडे दोन भाषणे तयारच असतात. एका भाषणात सरकारने सर्व काही हाती घ्यावे, म्हणजे गरिबाचे कल्याण होईल असे सांगतात. दुसऱ्यात सरकारने सर्व काही सोडून द्यावे, म्हणजे गरिबाचे कल्याण होईल असे सांगतात. गरीब बिचारा दोन्ही सभांना हजर असतो, कारण दोन्हीकडे ट्रकने नेतात. पहिले भाषण मी स्वतः वीस-बावीस वर्षे केले आहे, आणि त्यातील पुष्कळसा भाग अजून मला पटतो. पण आज मी ते करणार नाही. आज मी आपल्याला कापसाच्या काट्याशी नेणार आहे. अमरावती आणि अकोल्याच्या मनुष्याला सरकार म्हणजे काय हे दुसरीकडे कुठे इतके नीट दिसत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पूर्वी सरकार लहान होते आणि व्यापार मोकळा होता, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी समजतात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि आपल्या काळ्या जमिनीकडे लँकेशायरचे लक्ष गेले. मग काय काय झाले पाहा. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला जे फाटे निघाले, ते १८७०-७१ च्या सुमारास सरकारी खर्चाने निघाले. कापसासाठी म्हणून एक खास साहेब, कॉटन कमिशनर, नेमला गेला. हे काही लहान सरकार नव्हे! पण १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा धान्याचा व्यापार मोकळा असला पाहिजे, सरकारने त्यात हात घालू नये, हा विचार पुन्हा बाहेर काढण्यात आला. कापसासाठी सरकार मोठे, ज्वारीसाठी लहान.

बाजारपेठेच्या कायद्याचेही तसेच. कारंज्याची कापसाची पेठ १८८६ साली सरकारी नियमांखाली आली. हिंदुस्थानातील नियमाने चालणारी ही पहिली पेठ म्हणून तिचे नाव घेतात. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. वजन सारखे असावे, अडत-दलालीचे दर ठरलेले असावेत, असा चांगला हेतू. परंतु त्या कमिट्यांवर व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती, आणि ज्याचा कापूस त्याला मात्र खुर्ची नव्हती. गिरणीला स्वच्छ, बिनभेसळीचा माल मिळावा ही मूळ काळजी. त्यात शेतकऱ्याचे थोडे हित झाले ते ओघाने झाले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात ते सरकारी कामगारांवर आसूड ओढतात आणि त्याच पुस्तकात सरकारने बंधारे बांधावेत, पाणी अडवावे असेही मागतात. कोणी म्हणेल हा विरोध झाला. मला त्यात विरोध दिसत नाही.

आता एकाधिकाराकडे येतो. येथे बसलेल्या तरुणांना तो शब्दच माहीत नसेल. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातला कापूस सरकारच्या वतीने सहकारी पणन संस्थेने घ्यायचा. व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. शेतकऱ्याने गाडी भरून संकलन केंद्रावर यायचे, ग्रेडरने प्रत ठरवायची, हमीभावाने रक्कम द्यायची, पुढे नफा झाला तर बोनस. तोटा झाला तर सरकार सोसणार. १९८४ पासून त्यासाठी कापूस उत्पादकांचा निराळा पणन महासंघ झाला. आमच्या जिन-प्रेसच्या कामगारांना ही योजना मानवली. महासंघाचा माल ठरलेल्या जिनांत येई, हंगाम लांबे, मुकादम एकाएकी "उद्यापासून येऊ नका" म्हणत नसे. सभेत उभा राहून मी एकाधिकाराचे गुणगान करी ते खोटे नव्हते. माझ्या माणसांची चूल त्यावर पेटत होती.

माझे मामा आकोट तालुक्यातले. सोळा एकर कोरडवाहू, चार मुली, एक बैलजोडी. ते शेतकरी संघटनेचे, छातीवर लाल बिल्ला लावणारे. शरद जोशींची सभा असली की डबा बांधून निघत. मामा आणि मी एकाच ताटात जेवलेले, पण या विषयावर आमचे जन्मात पटले नाही.

१९९४-९५ च्या हंगामात बाहेर भाव चढला. इकडे एकाधिकाराचा भाव खाली, आणि सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशात व्यापारी जास्त द्यायला तयार. सरहद्दीवर नाके बसले. स्वतःच्या शेतात पिकलेला कापूस परक्या राज्यात नेणे हा गुन्हा झाला. मामांनी आणि आणखी तिघांनी मिळून रात्री एक ट्रक काढला. नाक्यावर धरले. ट्रक सहा दिवस उभा राहिला, वर दव पडत राहिले. नाक्यावरच्या मनुष्याला काही दिल्यावर तो सुटला, हे मामांनी मला सांगितले नाही, मामींनी सांगितले.

त्याच आठवड्यात अकोल्याला एकाधिकाराच्या बाजूने आमची सभा होती आणि मी वक्ता होतो. सभा संपल्यावर मामा मागच्या रांगेतून उठून आले. म्हणाले, "माहा कापूस, माही बैलं, माहं कर्ज, अन् इकाले परवानगी कोनाची लागते रे भाच्या?" मी त्यांना उत्तर दिले. भाव पडतात तेव्हा सरकारच तुम्हाला वाचवते मामा, तेव्हा का नाही बोलत? उत्तर चुकीचे नव्हते. १९९८ नंतर जगात कापूस कोसळला तेव्हा उलटा ओघ लागला. शेजारच्या राज्यांतला कापूस आमच्या केंद्रांवर येऊन पडू लागला, आणि तोटा वाढत वाढत हजारो कोटींच्या घरात गेला. पण त्या रात्री मामांच्या प्रश्नाला मी जे बोललो ते उत्तर नव्हते, प्रतिप्रश्न होता. युनियनच्या माणसाला हे कौशल्य लवकर येते.

शरद जोशींचे म्हणणे आपण नीट समजून घेतले पाहिजे; त्यांच्या विरोधकांनी ते क्वचितच समजून घेतले. सरकार शेतकऱ्याला अनुदान देते हेच खोटे, असे ते म्हणत. निर्यात बंद करून, आयात करून, भाव दाबून सरकार शेतकऱ्याच्या खिशातून जे काढते ते त्याला दिलेल्या अनुदानापेक्षा जास्त आहे. म्हणजे अनुदान उणे आहे. सरकारने उपकार करू नयेत, फक्त वाटेतून बाजूला व्हावे. शेतकऱ्याला भाव मिळाला की मजुराला मजुरी आपोआप मिळेल. या शेवटल्या वाक्यावर मी पुष्कळ भांडलो आहे. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. २०११ च्या सुरुवातीला कापूस एकदम चढला, तेव्हा गावोगाव वेचणीचा दर वाढला हे मी डोळ्यांनी पाहिले. जिनातल्या रोजात मात्र त्या वर्षी काही फरक पडला नाही. म्हणजे जोशींचे म्हणणे शेताच्या धुऱ्यापर्यंत खरे ठरले. जिनाच्या फाटकात शिरले नाही.

दुसऱ्या बाजूलाही थोर माणसे आहेत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती आणि पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत असे मांडले. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याला मोकळ्या बाजारात फक्त मालकाचे हुकूम मोकळे मिळतात, हे त्यांनी ओळखले होते. याच्या उलट, १९५९ साली नागपूरच्या काँग्रेसने सहकारी शेतीचा ठराव केला, आणि त्याच वर्षी राजाजींनी परवाने-परमिटांच्या राज्याविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला. नागपूर येथून दीडशे किलोमीटर. आपल्या दारात हा वाद झालेला आहे, तो विलायतेहून आणायला नको.

आणि आपल्या वऱ्हाडचा तिसराही एक मार्ग आहे. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या लोकांच्या पैशावर. तुकडोजी महाराजांनी गावानेच गाव उभारावा असे सांगितले. शिवाजीराव पटवर्धनांनी या अमरावतीत तपोवन उभे केले. या मंडळींपुढे मी हात जोडतो. पण रुईचा भाव लिव्हरपूलला किंवा न्यूयॉर्कला ठरत असेल तर तेथे झाडू घेऊन जाता येत नाही.

२००२ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्याला परवानगी मिळाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. मामांनी पेढे वाटले. मला पाठवले, मी खाल्ले. दोनतीन वर्षांनी मामा अकोल्याला घरी आले. व्यापारी गावातच कापूस घेऊन गेला होता. काटा त्याचा, वजन त्याचे, क्विंटलमागे कट्टी त्याची, आणि उरलेल्या पैशाला "पुढच्या सोमवारी". मामा चहा पिता पिता म्हणाले, "तुहं सरकार कुठी गेलं रे?" मी म्हटले, मामा, तुम्हीच तर घालवलेत. दोघेही हसलो, पण हसण्यासारखे ते दिवस नव्हते. वऱ्हाडात घराघरातून माणसे जीव देत होती. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. २००८ ची कर्जमाफी आली ती पूर्णपणे मिळाली दोन हेक्टरच्या आतल्यांना. मामांची सोळा एकर कोरडवाहू जमीन त्या कागदावर त्यांना मोठा शेतकरी करून गेली. पाच एकर पाटाच्या पाण्याचा मनुष्य लहान, आणि सोळा एकर पावसाच्या भरवशावरचा मोठा.

हे झाले मामांचे. आता माझ्या बाजूचे सांगतो, कारण दुसऱ्याच्याच बाजूची फजिती सांगणे बरे नव्हे.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका जिनात एक रेजा, म्हणजे बाईमजूर, रेच्यावर कापूस टाकत होती. पट्ट्यावर झाकण नव्हते. लुगड्याचा पदर ओढला गेला आणि त्यामागे हात. कोपरापासून गेला. कारखान्यांची तपासणी करण्याचा कायदा तेव्हा १९४८ चा होता, नुकसानभरपाईचा १९२३ चा. मी दोन्ही पाठ केले होते. खात्यात जाऊन पाहतो तो काय, त्या जिनाची तपासणी दोन महिन्यांपूर्वी झालेली, आणि रकान्यात लिहिलेले की सर्व यंत्रांना आवरण आहे. खाली सही. बाईचे नाव मात्र हजेरीपटावर नाही; म्हणजे ती तेथे कामालाच नव्हती. सरकार नव्हते असे मी म्हणू शकत नाही. सरकार येऊन, चहा पिऊन, सही करून गेले होते. नुकसानभरपाई मिळायला चार वर्षे लागली. ती तरी कशी मिळाली? माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याखाली जुन्या नोंदी बाहेर आल्या, आणि शेजारच्या रेच्यावरच्या सात बाया रोज बुडवून साक्षीला आल्या. त्यातल्या दोघींना पुढच्या हंगामात कामावर घेतले नाही.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. सरकार मोठे की लहान हे मी आता विचारत नाही. अर्ज कोण करतो आणि उत्तर कोणाला द्यावे लागते, हे विचारतो. एकाधिकारात शेतकऱ्याने अर्ज करायचा: कापूस कधी आणू, प्रत कोणती लावता, चुकारा कधी मिळेल. उत्तर देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. याच्या उलट आपल्याच महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी निघाली. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. मजुराने काम मागायचे, आणि ठरलेल्या मुदतीत काम देणे सरकारवर बंधनकारक. न दिले तर भत्ता. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसायकर दिला. येथे बसलेल्या पुष्कळांच्या पगारातून तो कापला गेला आहे. त्याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो, कारण पगारपत्रक पाहताना त्यांनी काय म्हटले असेल ते मला माहीत आहे. हमीत चोऱ्या झाल्या, खोटे हजेरीपट झाले, हे सर्व खरे. तरी अंगठा उठवणारी बाई तहसीलदारापुढे उभी राहून "काम द्या" म्हणे आणि तहसीलदाराला खुर्चीत चुळबूळ करावी लागे, हे मी पाहिले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याचेही तेच. हमालाने मालकाकडे नव्हे, मंडळाकडे नाव नोंदवायचे. मंडळावर मालक, हमाल आणि सरकार तिघेही बसायचे. जेथे हमाल संघटित आहे तेथे मंडळ जिवंत आहे. जेथे नाही तेथे पाटी आहे.

एवढे म्हटल्यावर आता सर्व प्रश्न सुटले असे आपणाला वाटेल. माझेच सुटलेले नाहीत. १० जून २०१९ रोजी आकोट तालुक्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सोसणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले. त्याला सरकारची मान्यता नव्हती. कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. हजारभर लोक जमले. मामा एकाहत्तर वर्षांचे, काठी टेकीत गेले. मला फोन करून म्हणाले, बियाणे कोणते पेरावे हेही आता मुंबई-दिल्लीला विचारायचे का? तुझ्या अर्जाच्या हिशेबात हे बसव.

बसवायला गेलो तर गुंता निघाला. ते बियाणे चोरून सर्रास विकले जात होते. बंदीमुळे शेतकऱ्याला पावती मिळत नव्हती. उगवले नाही तर दाद कोणाकडे मागणार? म्हणजे बंदीने विक्रेत्याचे काही बिघडले नाही, घेणाऱ्याचे बिघडले. येथपर्यंत मामा बरोबर. पण त्या बियाण्याचा सगळा फायदा निंदणात आहे. तणनाशक मारले की निंदणाच्या बाया लागत नाहीत. आषाढ-श्रावणात वऱ्हाडातल्या भूमिहीन घरात जो पैसा येतो तो निंदणाचा. मामा म्हणतात बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. माझ्या युनियनमधल्या जिनातल्या रेजा पावसाळ्यात त्याच निंदायला जातात आणि म्हणतात, काम गेले तर आम्ही काय खावे? येथे शेतकऱ्याच्या मोकळीकीची किंमत दुसरे कोणी देणार आहे. त्या बाईने अर्ज कोणाकडे करायचा? मला उत्तर आलेले नाही. बंदी हे उत्तर नव्हे एवढे मात्र मला वाटते, आणि हे मी माझ्याच संघटनेत बोललो तेव्हा मला दोन तास बोलणी खावी लागली.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते सरकारने काढले, पुढे डिसेंबरअखेरपर्यंत सूट वाढवली. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर कर बसवला होता, सूतगिरण्यांना स्वस्त कापूस पाहिजे होता. हंगामात आमच्याकडे बाजार हमीभावाच्या खाली राहिला. २०२५-२६ च्या त्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. येथे सरकार वाटेतून बाजूला झाले, म्हणजे जोशींचे तत्त्व पाळले गेले म्हणावे काय? मामा तर संतापले. आणि मी? सूतगिरणीतला कामगारही माझाच. अचलपूरची फिनले मिल सरकारी मालकीची, २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि कामगार वर्षानुवर्षे आंदोलने करीत राहिले. गिरणी चालली पाहिजे हे मला कोणी शिकवायला नको. मामांना मी म्हटले, शुल्क असावे की नसावे यावर दोन प्रामाणिक माणसांचे दोन मत होऊ शकतात. पण ऐन पेरणी झाल्यावर, बोंडे धरायच्या वेळी, ज्याने पेरले त्याला न विचारता नियम फिरवणे, याला मत म्हणत नाहीत. मामा म्हणाले, "हे तू तीस सालाआधी नाक्यावर म्हनाले पाह्यजे होतं." त्यावर मी गप्प बसलो.

गेल्या हंगामात मी मामांबरोबर एका खरेदी केंद्रावर गेलो होतो. आता नाव मोबाईलवर नोंदवावे लागते. ते आमच्या एका हमालाच्या मुलाने नोंदवून दिले. रांगेत पाच तास बसलो. मामांनी शेजारी टेकलेल्या हमालाला विचारले, "तुमची हमाली कोन देते बाप्पा?" तो म्हणाला, ठेकेदार. किती देतो? तो म्हणाला, ते हंगाम संपल्यावर समजते. मग त्याने मामांना विचारले, बाबा, तुम्हाला भाव काय भेटन? मामा म्हणाले, ग्रेडरने हात घातल्यावर समजते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मामांनी त्याला सुपारी दिली. घरी येताना मला म्हणाले, अमरावतीले भाषन आहे ना तुहं, तिथं हे सांगजो.

सांगितले. अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि मामा तिसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा पहिला प्रश्न कोणाचा येणार हे मला ठाऊक आहे.